क्रॉपी गळाला लागत नाही तेव्हा

टेक्सासमध्ये मार्चात, टेनेसी-केंटकीत एप्रिलात आणि मिनेसोटात मे महिना सरता सरता क्रॉपी अंडी घालायला काठाजवळ येते. एरवी वर्षभर गळाला हात न लावणारी माणसंही त्या दोन-चार आठवड्यांत तळ्यावर हजर होतात. डॅलस, रॅली, अटलांटा या शहरांत स्थिरावलेल्या मराठी घरांतही हा मासा आता ओळखीचा झाला आहे. वीतभर लांबीचा, पांढऱ्या मऊ मांसाचा, सोलायला सोपा आणि रव्यात घोळवून तळला की आपल्या जिभेला लगेच पटणारा. म्हणूनच एखादा वसंत कोरडा गेला की फार हिरमोड होतो. गेल्या वर्षी याच झुडपाखाली सकाळभरात जेवणापुरते मासे मिळाले होते, यंदा बूच जागचं हललंही नाही, ही तक्रार दर वसंतात कुठल्या ना कुठल्या तळ्यावर ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: जिगचा रंग बदला, नाहीतर दुकानात जाऊन नवं आमिष आणा. माझ्या मते हा उपाय बहुतेक वेळा भलत्याच दुखण्यावर केला जातो. वसंत वाईट जाण्याची कारणं मुळात तीन आहेत. एक, मासा अजून आलेलाच नाही किंवा थंडीने मागे फिरला आहे. दोन, मासा आला आहे, पण पाण्याच्या चढ-उताराने त्याची जागा बदलली आहे. तीन, तळ्यात पकडण्याजोगा मोठा मासाच यंदा कमी आहे. तिन्ही वेळी गळ रिकामाच वर येतो, पण तिन्हींवर करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आमिषाच्या डबीत हात घालण्याआधी आपली अडचण यांतली कोणती, हे ठरवायला हवं.

आधी तापमानाचं पाहू, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते. क्रॉपीच्या दोन जाती आहेत, पांढरी आणि काळी. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या वर सरकू लागलं की दोन्ही जातींचे मासे हिवाळ्यातल्या खोल जागा सोडतात. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे, पाण्याखाली गेलेल्या जुन्या प्रवाहाच्या कडेला, साधारण ८ ते १५ फुटांवर ते गोळा होतात. ५५ च्या आसपास नर उथळ पाणी चाचपू लागतात आणि ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान अंडी घालण्याला जोर येतो. नर तळावर उथळ खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं घरटं सोडेपर्यंत राखण नरच करतो. या दिवसांत नराचं डोकं आणि छाती काळीभोर होते. काठाजवळ गळाला आलेला मासा असा काळवंडलेला असेल तर नर पोहोचले आहेत असं समजायला हरकत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळ्यातले सगळे मासे एकाच आठवड्यात अंडी घालत नाहीत. हे काम टप्प्याटप्प्याने कित्येक आठवडे चालतं. उन्हं लागणाऱ्या उथळ खाडीत ते आधी उरकतं, मोठ्या खुल्या पाण्यालगत बरंच उशिरा होतं. त्यामुळे एका शनिवारी मासा मिळाला नाही म्हणून हंगाम हुकला असं म्हणणाऱ्यांचं सहसा चुकतं. त्यांची फक्त ती जागा आणि तो दिवस हुकलेला असतो.

यावर जुने लोक म्हणतील की आम्ही थर्मामीटर कधी पाण्यात घातला नाही. डॉगवुड फुललं की क्रॉपी काठाला आली, एवढं आम्हाला पुरतं. हा आडाखा वेडगळ नाही. झाडाचं फुलणं आणि पाण्याचं तापणं दोन्ही त्याच उन्हावर चालतं. पण झाड हवेच्या तापण्यावर फुलतं आणि पाणी हवेच्या मागून, सावकाश तापतं. तळं जितकं खोल तितकं ते जास्त मागे राहतं. शिवाय टेनेसी-केंटकीच्या त्याच जुन्या लोकांनी वसंतातल्या थंडीच्या लाटांना नावं दिलेली आहेत: रेडबड विंटर, डॉगवुड विंटर, ब्लॅकबेरी विंटर. फुलं आल्यावरही थंडी परतते, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा परतते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २००७ साली मार्च कडक उन्हाचा गेला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ईस्टरच्या सुमाराला, अमेरिकेच्या पूर्व भागात दक्षिणेपर्यंत अशी गोठवणारी थंडी आली की फळबागा आणि गहू करपले. फुलांवर भरवसा ठेवणाऱ्याचा अंदाज अशा वर्षी कोलमडणारच. मृग लागला म्हणून जाणता शेतकरी पेरत नाही, जमिनीला वाफसा आला की पेरतो. इथेही तसंच आहे. पोहण्याच्या तलावासाठी मिळतो तसला स्वस्त थर्मामीटर दोरीला बांधून तीन-चार फूट खाली सोडा आणि दोन-तीन मिनिटांनी वाचा. पृष्ठभागाचा आकडा दुपारच्या उन्हात फुगलेला असतो, त्यावर विसंबू नका. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजलं तर पाणी चढतं आहे की उतरतं आहे हेही कळतं, आणि एका सुट्या आकड्यापेक्षा ते कळणं जास्त उपयोगाचं आहे.

थंडीची लाट येऊन गेल्यावर आकाश निळंशार होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि उथळ पाणी दोन-तीन रात्रींत कित्येक अंशांनी उतरतं. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि हालचालही. तो तळं सोडून जात नाही. ज्या वाटेने काठाला आला होता त्याच वाटेने तो पहिल्या उतारापर्यंत मागे सरकतो, किंवा आहे तिथेच एखाद्या खोडाला चिकटून राहतो. म्हणून अशा दिवशी काठाकडे पाठ करून जवळच्या ८ ते १२ फूट पाण्यात आधी शोधावं. निवड करायची तर उत्तरेकडच्या काठाच्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या खाड्या निवडाव्यात. तिथे दक्षिणेचं ऊन सरळ पडतं आणि थंड वारा डोक्यावरून निघून जातो. आणि पहाटे उठून थंडीत कुडकुडण्याचीही गरज नाही. मार्च-एप्रिलच्या गारठ्यात दुपारी दोन ते पाचचा वेळ पहाटेपेक्षा सरस ठरतो.

मंदावलेल्या माशासाठी आमिष लहान आणि संथ हवं. शिशाचं डोकं आणि मागे मऊ शेपूट असलेला जिग नेहमी १/१६ औंसाचा वापरत असाल तर १/३२ औंसाचा घ्या. तो निम्म्या वजनाचा असल्याने हळू उतरतो आणि माशाला पुढे सरकायला सवड देतो. दोरा ४ ते ६ पौंडांचा पुरे. क्रॉपीचे डोळे अशा ठिकाणी असतात की तिला वरचं चांगलं दिसतं आणि ती खालून वर येऊन खाते. म्हणून मासा ८ फुटांवर असेल तर आमिष ७ फुटांवर लोंबकळत ठेवा. त्याच्या खाली गेलेलं आमिष जवळजवळ वायाच जातं. बुचाखाली जिग लावताना गाठीकडे लक्ष द्या. कडीच्या वरच्या टोकाशी गाठ बसली की जिग पाण्यात आडवा राहतो, पोहणाऱ्या पिल्लासारखा. मासा लागला किंवा फांदीत अडकलं की ती गाठ पुढे घसरते आणि जिग शेपूट खाली करून उभा टांगला जातो. गाठ नखाने मागे सरकवायला दोन सेकंद लागतात, पण ते न केल्याने आळसावलेला मासा आमिषाकडे पाहून परत फिरतो. बूचही सडपातळ असावं आणि वजनाने जेमतेम उभं राहील असं. क्रॉपी आमिष तोंडात घेऊन वर उचलते तेव्हा बुचावरचा भार जातो आणि ते बुडण्याऐवजी पाण्यावर आडवं पडतं. बूच बुडण्याचीच वाट पाहत बसलेल्याच्या हातून थंड पाण्यातले कितीतरी घास असे निसटतात. बूच आडवं झालं की मनगट अलगद उचला. या माशाच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, हिसका दिला तर ती फाटते. एका जागी आमिष किती वेळ ठेवायचं याचाही विचार बदलायला हवा. उबदार पाण्यात दोन मिनिटांत उत्तर मिळतं, गार पाण्यात त्याच खोडाशी दहा मिनिटं थांबलं तरी ती फुकट गेली असं मानू नये.

आता पाण्याच्या पातळीकडे वळू. अमेरिकेतली क्रॉपीची नावाजलेली तळी बहुतेक धरणांची आहेत आणि धरणं मासेमारीसाठी बांधलेली नाहीत. केंटकी लेकची पातळी हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून ३५४ फुटांवर ठेवतात आणि एप्रिलभर भरत भरत मे महिन्याच्या सुरुवातीला ३५९ फुटांवर आणतात. म्हणजे ऐन अंडी घालण्याच्या दिवसांत पाणी पाच फूट चढतं. मिसिसिपीतलं ग्रेनाडा लेक पूर रोखण्यासाठी बांधलेलं आहे. त्याची हिवाळ्याची पातळी १९३ फूट आणि उन्हाळ्याची २१५ फूट. एवढ्या फरकात काठाची रेषा सपाट भागात कुठल्या कुठे जाते. गेल्या वर्षीचं झुडूप यंदा कोरड्या चिखलात उभं असतं, किंवा दहा फूट पाण्याखाली. अशा तळ्यावर नुसत्या जागा लक्षात ठेवून भागत नाही. जागा आणि त्या दिवशीची पातळी अशी जोडीने नोंद ठेवली तरच ती पुढच्या वर्षी कामाला येते. टेनेसी व्हॅली अथॉरिटी आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स आपापल्या धरणांची पातळी रोज जाहीर करतात. घरून निघण्याआधी ती पाहायला एक मिनिट पुरतं. पाणी चढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या झुडपांत, गवतात, अगदी दोन फुटांवरही घुसतो आणि विखुरतो, म्हणून लांब काठी घेऊन झुडपामागून झुडूप तपासावं लागतं. पाणी उतरत असेल तर तो उथळात थांबत नाही, पहिल्या खोल कडेवर येऊन दाटीने उभा राहतो. उतरत्या पाण्यात काठाची झुडपं झोडपत बसणाऱ्याला म्हणूनच दिवसभर काही मिळत नाही.

पातळीबरोबर पाण्याचा रंगही पाहावा लागतो. पांढरी क्रॉपी गढूळ पाणी सोसते, काळीला स्वच्छ पाणी आणि पाणवनस्पती मानवतात. केंटकी लेकमध्ये पूर्वी पांढरीचा वरचष्मा होता. गेल्या काही दशकांत पाणी निवळत गेलं तशी काळी वाढली. अशा तळ्यावर जुन्या सवयीने गढूळ ओढ्यांच्या टोकाला जाणाऱ्याला मासा संपला असं वाटतं, पण मासे आहेत, फक्त बदललेल्या जातीचे आहेत आणि बदललेल्या जागी आहेत. साधारण नियम असा धरावा: गढूळ पाण्यात मासा वर आणि आडोशाला अगदी चिकटून, निवळ पाण्यात खोल आणि आडोशापासून थोडा सुटा. चकचकीत ऊन आणि काचेसारखं पाणी असेल तर घरटी दहा फुटांखालीही असू शकतात.

इथे एक आक्षेप हमखास येतो. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं, पाठोपाठ इतरांचीही तशी यंत्रं आली, आणि आता पाण्यातला एकेक मासा पडद्यावर हलताना दिसतो. मग हे तापमान, पातळी, रंग कशाला मोजत बसायचं? एक तर या यंत्रणेची किंमत हजारो डॉलरांत जाते आणि वर्षातून चार वेळा तळ्यावर जाणाऱ्याने ती घ्यावी असं मला वाटत नाही. पण पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यंत्र फक्त समोरच्या शंभरेक फुटांतलं दाखवतं. हजारो एकरांच्या तळ्यात नाव कुठे न्यायची हे ते सांगत नाही, ते तापमान आणि पातळीवरूनच ठरवावं लागतं. आणि पडद्यावर दिसलेला गारठलेला मासा आमिष घेईलच असंही नाही. दिसूनही न खाणाऱ्या माशांपुढे तासन्‌तास बसलेले यंत्रधारी थंडीच्या लाटेनंतर प्रत्येक मोठ्या तळ्यावर पाहायला मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. आमच्याकडे नावच नाही, मग उतार आणि कडा शोधायच्या कशा? काठावरून मासेमारी करणाऱ्यांसाठी वाईट वसंत खरंच अधिक वाईट असतो, कारण मासा मागे सरकला की तो त्यांच्या फेकीच्या बाहेर जातो. पण खोल पाणी काठाजवळ येतं अशा जागा प्रत्येक तळ्यावर असतात: पुलाखालचे खांब, रस्त्याच्या भरावाचे दगड, मासेमारीसाठी बांधलेले धक्के, जुना ओढा वळण घेऊन काठाला भिडतो ती बाजू. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायनाची वन्यजीव खाती तळ्यांत मासे जमावेत म्हणून फांद्या आणि प्लॅस्टिकचे सांगाडे बुडवतात आणि त्यांच्या जागा नकाशासह जाहीर करतात. यांतले काही धक्क्यांच्या आसपास, फेकीच्या टप्प्यात असतात. टेक्सासच्या स्टेट पार्कांच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला मासेमारीचा परवानाही लागत नाही. सरकत्या गाठीचं बूच वापरलं तर काठावरूनही १२ फूट खोल आमिष नेमकं टांगता येतं. आणि नावेतून जाणाऱ्यांनो, वसंतातलं पाणी उबदार दिसलं तरी ५५ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. लाइफ जॅकेट नावेत ठेवू नका, अंगात घाला.

तिसरं कारण पचवायला सर्वांत जड जातं: मासाच कमी असणं. क्रॉपीची पैदास दरवर्षी सारखी होत नाही. एखाद्या वर्षी पिल्लांचं पीक अमाप येतं, मग दोन-तीन वर्षं जेमतेम. दक्षिणेकडच्या सकस तळ्यांत १० इंचांचा मासा व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात, उत्तरेत त्याहून जास्त. म्हणजे या वसंतात आपल्याला काय मिळणार याचा निकाल दोन-तीन वसंतांपूर्वीच लागलेला असतो. टेनेसी आणि अलाबामातल्या धरणांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की अंडी घालण्याच्या आधी, हिवाळ्यात भरपूर पाणी वाहून आलं त्या वर्षी पिल्लांची पिढी सहसा जोरदार निघते. दोन-तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा कोरडा गेला असेल तर आज कोणत्याही रंगाचं आमिष त्या न जन्मलेल्या माशाला वर आणणार नाही. हे ओळखायचं कसं? आपल्याच गळाला येणाऱ्या माशांची लांबी पाहा. सहा-सात इंचांचे पुष्कळ आणि मोठे थोडे असतील तर जोरदार पिढी वाढते आहे आणि एक-दोन वर्षांत तळं भरात येईल. मोजकेच पण मोठाले मासे लागत असतील तर जुनी पिढी सरत आली आहे. तापमान योग्य, पातळी योग्य, तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या जागा तपासल्या आणि दोन्ही आकारांचे मासे नाहीत, तर त्या तळ्याचा नाद यंदा सोडावा. राज्यांची खाती जाळी लावून तळ्यांची पाहणी करतात आणि अहवाल लोकांसाठी खुले ठेवतात. केंटकीचं खातं तर तळ्यागणिक वार्षिक अंदाज काढतं. शेजारच्या तासाभराच्या अंतरावरच्या तळ्यात जोरदार पिढी असल्याचं त्यात वाचायला मिळालं, तर सगळा वसंत वाचतो.

अशा वर्षी मासे घरी न्यावेत का, हा प्रश्न मनाला लागतो. टेक्सासचा सर्वसाधारण नियम माणशी दिवसाला २५ क्रॉपी आणि किमान लांबी १० इंच असा आहे. काही तळ्यांना वेगळे नियम आहेत आणि इतर राज्यांत आकडे निराळे आहेत, ते दर वर्षी तपासावेतच. मग कायद्याने दिलेले २५ नेले तर बिघडलं कुठे? प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळे मासे सोडून दिल्याने मोठं तळं वाचतं असा दावा करता येत नाही. एक मादी हजारो अंडी घालते. मोठ्या धरणांत पुढची पिढी किती निघेल हे अंडी घालणाऱ्यांच्या संख्येपेक्षा पाऊस, पातळी आणि पिल्लांना मिळणारं अन्न यांवर जास्त ठरतं, आणि मोठ्या माशांतले बरेचसे दर वर्षी तसेही मरतात. वस्तीतल्या छोट्या तळ्यात तर उलटं असतं. तिथे क्रॉपी इतकी माजते की वाढ खुंटते, अशा ठिकाणचे लहान मासे नियमात बसत असतील तर नेलेलेच बरे. तरीही मोठ्या तळ्यावर, कमी माशांच्या वर्षी, घरट्यावरचा काळवंडलेला नर मी सोडून द्यावा असंच म्हणेन. तो उचलला की राखण संपते आणि ब्लूगिलसारखे मासे त्या अंड्यांवर तुटून पडतात. शिवाय मासे कमी आणि गळ तेवढेच असले की एकाने भरलेली पिशवी म्हणजे दुसऱ्या पाच जणांची रिकामी सकाळ. घरात ताजं खाल्लं जाईल तेवढं न्यावं. फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या माशाची चव तशीही जाते.

आणि एप्रिल कोरडा गेला म्हणून सामान माळ्यावर टाकू नका. पाणी ७० अंशांच्या वर गेलं की अंडी घालून मोकळे झालेले मासे काठ सोडतात, पण ते दूर जात नाहीत. १० ते २० फुटांवर बुडालेल्या फांद्यांच्या ढिगांभोवती, पुलांच्या खांबांशी आणि धक्क्यांच्या सावलीत ते पुन्हा एकत्र येतात आणि भरपूर खातात. मे-जूनमध्ये थंडीच्या लाटा थांबलेल्या असतात, धरणाची पातळी स्थिरावलेली असते आणि गर्दी ओसरलेली असते. यंदा वसंताने पाठ फिरवली असेल तर मेमोरियल डेच्या सुट्टीनंतरची एखादी पहाट किंवा संध्याकाळ मोकळी ठेवा, थर्मामीटर सोबत घ्या आणि निघण्याआधी तळ्याची पातळी पाहून घ्या.